तिसऱ्या ताऱ्याचं भोक

“तुमचा कुणाचाही विश्वास बसणार नाही,” आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि दोन्ही तळहात पुढे केले, “पण सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यांत जवळचा जो तारा आहे ना, तो मी या हातांनी बनवलाय. आणि तोही एक नाही. तीन!”

“नाहीच बसत,” मोजणी म्हणाली.

“माझाही नाही!” रेडिओ ओरडला.

“मी तर ऐकतच नाहीये,” शिसपेन म्हणाला आणि कान टवकारून पुढे सरकला.

मोजणी बारा वर्षांची. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावरच काय ते उरलं होतं, कारण दिसेल ते मोजायची तिला खोड. सुट्टीत आजोळी आल्या आल्या तिनं जिन्याच्या पायऱ्या मोजल्या (बावीस), आजोबांचे उरलेले दात मोजले (एकोणीस) आणि त्यांच्या थापाही मोजायला घेतल्या. दिवसाला सरासरी सात पडत होत्या. आठ वर्षांचा रेडिओ तिचा सख्खा भाऊ. कानावर पडलेलं काहीही त्याच्या पोटात टिकत नसे, म्हणून रेडिओ. आणि शिसपेन हा मामेभाऊ. अंगानं तसाच लांब, तसाच बारीक, शिवाय कानामागे कायम एक पेन्सिल.

“ही आजची तिसरी थाप,” मोजणीनं बोट दुमडलं.

“थाप नाही गं बाई! आपल्या तारांगणात पितळेचा मोठा गोळा आहे. आत दिवा, बाहेर घुमट. गोळ्याला भोकं. भोकातून उजेड गेला की घुमटावर तारा! गोळ्याचा दक्षिणेकडचा अर्धा भाग मी केलाय. दोन वर्षं खपून एकोणीसशे अकरा भोकं पाडली.”

आजोबा पूर्वी उपकरणांच्या कारखान्यात ड्रिलवर होते, एवढं मुलांना ठाऊक होतं. पण तारे?

“दक्षिणेला नरतुरंग नावाचा तारकासमूह आहे. त्यातला झगझगीत तारा म्हणजे मित्र. नुसत्या डोळ्यांना दिसतो एक. दुर्बीण लावा, होतात दोन! एकमेकांभोवती फेर धरणारे. आणि जरा लांब तिसरा भिडू आहे. एवढासा, लालसर, नुसत्या डोळ्यांनी दिसायचं नाव नाही. पण तिघांत आपल्याला सगळ्यांत जवळ कोण? तोच! मग त्याला वगळायचं? मी म्हटलं, नाही! दोन भोकं शेजारी शेजारी पाडली. आणि तिसरं, करंगळीच्या नखाएवढ्या अंतरावर... माझ्या मिशीचा केस कडक करून त्यानं पाडलं!”

खिडकीपाशी आजी मनगटी घड्याळ उघडून बसली होती. गावातली सगळी रुसलेली घड्याळं तिच्या टेबलावर येत. डोळ्यावरचं भिंग न काढता ती एवढंच म्हणाली, “हं.”

“चार!” मोजणी म्हणाली.

“चला तर मग!” आजोबा उठले. “एक वाजताचा खेळ बघू. डोळ्यांनी बघा आणि मग मोजा!”

तारांगणात भर दुपारी काळोख झाला. ध्वनिफितीवरचा भारदस्त आवाज म्हणाला, “आता आपण दक्षिणेच्या प्रवासाला निघालो आहोत.” गोळा कुरकुरत कलला आणि घुमटावर अनोळखी तारे सरकत वर आले. मग उजेडाचा एक बाण घुमटावरून धावला आणि थांबला.

“हा पाहा, मित्र तारा!”

बाणाच्या टोकाशी काहीच नव्हतं. नुसता काळाकुट्ट घुमट.

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मोजणीनं आजोबांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

दिवे लागल्यावर तारांगणाचे संचालक हातातल्या मोबाइलमध्ये बघत आले. “काका, तुम्हीच ना ते कारागीर? बघितलंत? सगळ्यांत महत्त्वाचा तारा पाडायला विसरलात! लोक हसतात हो. जाऊ दे, शनिवारी दुपारी हा गोळा भंगारात चाललाय. नगराध्यक्षांच्या हस्ते निरोपाचा खेळ, आणि सोमवारपासून नवं यंत्र.”

“मी विसरलो नाही,” आजोबा म्हणाले.

“मग तारा कुठे गेला? फिरायला?”

गोळ्याच्या चौथऱ्यावर पितळेची एक पट्टी होती, तिच्यावर दोन कारागिरांची नावं कोरलेली. एक उत्तरेचा अर्धा भाग करणाऱ्या सोबत्याचं, दुसरं आजोबांचं. तिचे स्क्रू आधीच अर्धे सैल करून ठेवले होते. आजोबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि ते बाहेर पडले.

सोमवारी आजोबांनी एकही थाप मारली नाही. मंगळवारीही नाही. मोजणीनं वहीत लिहिलं : शून्य, शून्य. जेवताना ते “मीठ दे” एवढंच म्हणाले आणि त्यांना खरंच मीठच हवं होतं!

“हे बरं नाही,” शिसपेन म्हणाला. “माझे बाबा त्यांचा ताप मोजा म्हणतायत.”

“ताप नाहीये,” मोजणी म्हणाली. “साठ मैल लांबच्या लग्नात वाघावर बसून गेलो म्हणून सांगणारा माणूस आहे हा. पण कामाबद्दल? ‘विसरलो नाही’ म्हणाले तेव्हा आवाज वेगळा होता. ते खरं होतं. मी थापा मोजते ना, मला कळतं.”

“मग तारा कुठे गेला?” रेडिओनं विचारलं. “फिरायला?”

“तू चूप! पितळेत पाडलेलं भोक हरवत नाही. ते असणारच. आपण ते शोधायचं. शनिवारच्या आत!”

सुट्टीत मुलांना तारांगण मोफत होतं. दिवसाला तीन खेळ. तिघांनी एकही सोडला नाही. यंत्र चालवणारे काका कळ दाबून ध्वनिफीत सुरू करत आणि दुसऱ्या मिनिटाला खुर्चीत मान टाकत. मुलांनी त्यांचं नाव डुलकीकाका ठेवलं. ते घोरू लागले, की शिसपेन दाराच्या लाल दिव्यापाशी सरके आणि घुमटावरचे ठळक तारे कागदावर टिपून घेई.

बुधवारी मोजणीनं त्याच्या दंडाला एवढ्या जोरात चिमटा काढला, की त्यानं एक तारा भलत्याच जागी काढला.

“आई गं!”

“श्श! तिकडे बघ, बाणापासून डावीकडे, लांब. एक मोठा तारा आहे ना? नीट बघ. एक नाही तो. दोन आहेत! चिकटून!”

“जोडतारा!” शिसपेन पुटपुटला. “पण ती जागाच नाही त्याची.”

“आणि तिसरा?” रेडिओ सगळ्या तारांगणाला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाला. डुलकीकाकांचं घोरणं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

तिसरा नव्हता. पण दोन तर सापडले!

गुरुवारी दुपारी तिघं आजीच्या टेबलापाशी जमले. तारांगणाच्या माहितीपुस्तिकेत दक्षिणेच्या आकाशाचा ताटासारखा गोल नकाशा होता, मध्यभागी दक्षिण ध्रुव. शिसपेननं आपलं चित्र तेवढ्याच गोलात, ट्रेसिंग पेपरवर उतरवलं होतं. मध्यावर मध्य आणि बाणाच्या टोकाची जागा नकाशातल्या मित्रावर येईल असं ते नकाशावर ठेवलं, तर एकही तारा जुळेना.

“सगळंच चुकलंय,” शिसपेन हिरमुसला. “आजोबांनी सगळीच भोकं चुकीची पाडली की काय?”

मोजणीनं कागद पुन्हा नीट जुळवून ठेवला. तरी तेच.

रेडिओला कंटाळा आला होता. त्यानं दोन्ही कागदांच्या मध्यात टाचणी खुपसली आणि वरचा कागद चक्रासारखा फिरवायला लागला. “भिर्रर्र... भिर्रर्र...”

“अरे, फाटेल! थां...” मोजणीचा हात हवेतच राहिला. “थांब! हलू नकोस! श्वास पण घेऊ नकोस!”

वरच्या कागदावरचे तारे खालच्या नकाशावर बसले होते. एक नाही, दोन नाही. सगळेच्या सगळे!

“जुळलं!” शिसपेननं उडी मारली. “म्हणजे तारे बरोबर आहेत, आख्खं आकाशच फिरलंय! पण किती?”

आजीनं घड्याळाची एक सुटी तबकडी टाचणीभोवती ठेवली. मोजणीनं वाकून पाहिलं. कागद बरोबर बारावरून एकवर सरकला होता. तासाचं एक घर. कमी नाही, जास्त नाही.

“बारातलं एक घर,” ती हळूच म्हणाली. आणि मग एकदम ताठ झाली. “शिसपेन! गोळ्याचे दोन अर्धे भाग कशानं जोडलेत?”

“बोल्टनी.”

“किती बोल्ट?”

शिसपेनला माहीत नव्हतं. मोजणीला होतं. पहिल्याच दिवशी तिनं मोजले होते, दुसरं काम नव्हतं म्हणून. बारा!

ती धावत गच्चीवर गेली. आजोबा कपडे वाळवायच्या रिकाम्या दोरीकडे बघत बसले होते.

“आजोबा, दोन भाग जोडताना ते उलटसुलट बसू नयेत म्हणून तुम्ही काय करायचात?”

“खूण,” आजोबा म्हणाले. “छिन्नीचा एक घाव वरच्या कडेला, एक खालच्या. समोरासमोर आले की जोड बरोबर. खूण केल्याशिवाय वस्तू हातावेगळी करायची नाही, हा आमचा नियम. का गं?”

“काही नाही,” मोजणी म्हणाली. आजोबांना खोटी आशा दाखवायची नव्हती. आधी हात लावून खात्री करायची.

शुक्रवारी, डुलकीकाकांची पहिली डुलकी लागताच ती चौथऱ्यावर चढली. गोळा बाहेरून काळा, जाड रंगाचा. नुकताच रंगवला असणार. अजून वास येत होता. खुणा डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि तर्जनी वरच्या कडेवरून सावकाश फिरवली. गुळगुळीत... गुळगुळीत... खाच! रंगाखाली, पण खाच. मग खालची कड. खाच नाही. तिनं बोट पुढच्या बोल्टपर्यंत नेलं.

खाच!

“काय चाललंय?” डुलकीकाका उभे होते आणि त्यांच्या मागे संचालक.

“साहेब, गोळा चुकीचा जोडलाय! एक बोल्ट पुढे! रंगवताना उघडला होता ना?”

डुलकीकाकांचे कान लाल झाले. “मी? मी बोल्टला पानासुद्धा लावलेला नाही!”

“ऐकलंस?” संचालकांनी मोबाइलवरून नजर न उचलता दाराकडे बोट दाखवलं. “उद्या मोठी माणसं येणार आहेत. पोरांना प्रवेश बंद. चला, खेळा जा कुठेतरी!”

घरी येऊन शिसपेननं पेन्सिल भिंतीवर आपटली. “संपलं! उद्या आत कसं जायचं?”

“दारातून,” मोजणी म्हणाली. “कसं ते सापडेल. आधी तिसरा तारा. जाड रंगात ते बारीक भोक बुजलं असणार. ते उघडायला ड्रिलचं तसंच बारीक पातं, म्हणजे बिट, हवं.”

तिनं आजोबांची हत्यारांची पेटी उपसली. बिटं ओळीनं लावली. सगळ्यांत बारीक होतं ते अर्ध्या मिलीमीटरचं. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. आजोबा तर केसाएवढं भोक म्हणाले होते!

आजीनं डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. टेबलाच्या सगळ्यांत आतल्या कप्प्यातून कागदाची एक पुडी काढली. पुडीत सुईपेक्षा बारीक, टोकाला चपटं घासलेलं एक बिट होतं. घड्याळाच्या चाकांना भोकं पाडतात तसलं.

“हे बसेल,” ती म्हणाली. “बरोबर बसेल.”

मोजणी बिटाकडे बघत राहिली. मग आजीकडे. “आजी... म्हणजे तिसरं भोक...”

“गप. त्यांची तीन बिटं मोडली तेव्हा रात्रभर तोंड पाडून बसले होते. पण मिशीचा केस चांगला आहे गं. तसाच राहू दे.” तिनं पुन्हा भिंग लावलं. “त्यांच्या थापा बंद झाल्यापासून घर बंद पडलेल्या घड्याळासारखं वाटतंय. मला ते दुरुस्त करता येत नाही. तुला येतंय का बघ.” आणि दुरुस्त झालेलं एक मनगटी घड्याळ तिनं मोजणीपुढे ठेवलं. “हे उद्या पोहोचवायचंय. नगराध्यक्षांचं आहे. त्या उद्या दुपारी तारांगणात भेटतील. त्यांच्या हातातच द्यायचं!”

मोजणी हसली. आठवड्यातलं पहिलं हसू. टेबलाखाली काहीतरी खुडबुडलं, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

शनिवारी तारांगणाच्या दाराशी भंगारवाल्याचा टेंपो उभा होता. डुलकीकाकांनी मुलांना अडवलं.

“प्रवेश बंद!”

“नगराध्यक्षाबाईंचं घड्याळ आणलंय,” मोजणी खणखणीत आवाजात म्हणाली. “हातातच द्यायचंय. बरोबर आमचे आजोबा आणि आजी आहेत. ठेवू का त्यांना उन्हात उभं?”

“कुणाचं घड्याळ? माझं? झालं दुरुस्त?” आतून आवाज आला. “येऊ द्या त्यांना! बसा रे पोरांनो, इथेच माझ्या शेजारी!”

दिवे मालवले. गोळा कलला. बाण धावला आणि रिकाम्या जागी थांबला. “हे असं!” संचालक अंधारात म्हणाले. “म्हणूनच हा निरोप. कामच कच्चं.”

आजोबांनी मान खाली घातली. मोजणीनं रेडिओला कोपरानं ढोसलं. त्याच्या आवाजाचा असा उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

“मृग दाखवा!” रेडिओनं असा आवाज लावला, की घुमट घुमला. “आम्हाला मृग नक्षत्र बघायचंय! बाई, सांगा ना त्यांना!”

“खरंच की,” नगराध्यक्षा म्हणाल्या. “ते मलाही ओळखता येतं. दाखवा हो.”

“आजच्या खेळात नाहीये ते...” डुलकीकाका चाचरले.

“शेवटचाच खेळ आहे ना? दाखवा.”

चाक फिरलं. मृग उगवला. म्हणजे त्याचे दोन पाय उगवले, नेहमीच्या जागी. उरलेले दोन पाय मात्र पोटातला तीन ताऱ्यांचा बाण घेऊन तीन मुठी लांब पळाले होते!

सगळं तारांगण खो खो हसलं.

“अरेच्चा, अर्धा मृग पसार!” नगराध्यक्षा म्हणाल्या. “हे काय?”

“तेच तर सांगतोय!” संचालक म्हणाले. “भोकंच चुकीची पाडलीत!”

मोजणी उभी राहिली. “साहेब, चुकीची पाडली असती तर एक इकडे गेलं असतं, एक तिकडे. दक्षिणेकडची एकोणीसशे अकरा भोकं एकाच बाजूला, सारखीच सरकलीत. बारावरून एकवर, बरोबर एक घर. इतक्या शिस्तीत कुणी चुकतं का? मृग गोळ्याच्या जोडावर येतो, म्हणून मधोमध कापला गेलाय. चूक भोकांत नाही, पान्यात आहे! रंगवल्यावर अर्धा भाग एक बोल्ट पुढे बसवला तुम्ही. कालही सांगत होते, जोडावरच्या खुणा बघा!”

“दिवे लावा,” नगराध्यक्षा म्हणाल्या. “आणि खुणा दाखवा.”

आजोबा इतक्या झपाट्यानं चौथऱ्याकडे गेले, की आजीची पिशवी पडली. त्यांनी खिशातल्या किल्लीनं रंग खरवडला. वरच्या कडेला पितळ चमकलं, छिन्नीचा घाव. खालचा घाव एक बोल्ट पुढे. हे बघायला डोळ्यावर भिंग लागत नव्हतं.

सगळे डुलकीकाकांकडे वळले.

“एक बोल्ट घरंगळला होता,” ते पुटपुटले. “तो शोधण्यात... खूण बघायची राहिली. आणि मग तारा सापडेना, तेव्हा सांगायची भीती वाटली.”

“आणि तुम्ही?” नगराध्यक्षांनी संचालकांना विचारलं. “ही मुलगी काल सांगत होती म्हणे. तुम्ही एकदा तरी बघितलंत?”

संचालकांनी पहिल्यांदाच मोबाइल खिशात टाकला. “नाही,” ते म्हणाले.

बारा बोल्ट निघाले. मोजणीनं मोठ्यानं मोजले. अर्धा गोळा एक घर मागे फिरला, खुणा समोरासमोर आल्या, बारा बोल्ट आवळले. काम चालू असतानाच ती चौथऱ्यावर चढली आणि आजोबांनी बोट ठेवलं त्या जागी आजीचं बिट हलकेच फिरवलं. काळ्या रंगाची एवढीशी भुकटी पडली.

पुन्हा अंधार. पुन्हा बाण धावला.

“हा पाहा, मित्र तारा!”

बाणाच्या टोकावर दोन तारे होते, खांद्याला खांदा लावून. आणि जरा बाजूला, नीट बघितलं तरच दिसेल असा, उजेडाचा एक कण. तिसरा. सगळ्यांत जवळचा.

“दिसला!” पहिल्या रांगेतून कुणीतरी किंचाळलं, आणि मग टाळ्याच टाळ्या.

टेंपो रिकामा परत गेला. “नवं यंत्र येईल तेव्हा येईल,” नगराध्यक्षा म्हणाल्या. “हा गोळा इथून हलणार नाही. आणि पोरांनो, शाबास! तुमच्यासारखं मोजणारं कुणीतरी माझ्या कचेरीत हवं होतं!” संचालकांनी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन नावांच्या पट्टीचे स्क्रू आवळले आणि आजोबांसमोर हात जोडले. “काका, चुकलं माझं. न बघता बोललो.” डुलकीकाकांनी मोजणीला आपली खुर्ची देऊ केली. ती म्हणाली, नको, तिच्यात झोप लागते.

आजोबा पट्टीवरून अंगठा फिरवत उभे होते. भोवती गर्दी जमली. एका मुलानं विचारलं, “पण आजोबा, एवढं बारीक भोक पाडलं कशानं?”

आजोबांनी घसा खाकरला. मिशीवरून हात फिरवला.

“तुमचा कुणाचाही विश्वास बसणार नाही,” ते म्हणाले.

मोजणीनं एक बोट दुमडलं. सहा दिवसांतलं पहिलं! तिनं आजीकडे पाहिलं. आजी कोपऱ्यात पिशवी सावरत गालात हसत होती.

“कारखान्यातली सगळी बिटं मोडली. साहेब म्हणाले, सोडून द्या. मी म्हटलं, तारा सोडायचा? सरळ जंगलात गेलो. मोठा वाघ झोपलेला! मी हळूच पुढे झालो आणि त्याच्या मिशीचा एक केस धरून...”

“खोटं!” रेडिओ खुर्चीवर उभा राहून ओरडला. “साफ खोटं! तिसरा तारा आजीचा आहे! तिनंच पाडलंय ते भोक, मी टेबलाखाली होतो!”